निरोप खाली पोचतो, वर परत जातो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. “मॅडम, सायबरनेटिक्स म्हंजे कॉम्प्युटरचंच न? मंग पुण्याले जायाचं सोडून इथं घाटंजीकडं काय करून राह्यल्या?” लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठं ना कुठं हा प्रश्न येतोच. काही जण त्याच दमात ओटीपीनं गेलेले पैसे परत मिळवून द्याल का, असंही विचारतात. त्यांना मी 1930 हा हेल्पलाइनचा नंबर लिहून देते. मामाजींनी तर गावभर सांगून ठेवलंय, “आमची सून मोबाइलातले चोर पकडते.” मी आता दुरुस्त करत नाही. त्यांचा मान वाढतो, माझं काही जात नाही.

खरं उत्तर असं, की सायबरनेटिक्स म्हणजे परतीच्या निरोपाचं शास्त्र, आणि मी त्याचा अभ्यास करते. कुठलीही गोष्ट ताळ्यावर ठेवायची तर नुसता हुकूम सोडून भागत नाही. त्या हुकमाचं पुढं काय झालं हे हुकूम सोडणाऱ्याला कळावं लागतं, वेळेत कळावं लागतं, आणि कळल्यावर त्यानं पुढचा हुकूम बदलावा लागतो. यंत्र असो, माणसाचं शरीर असो, गाव असो की सरकार, या परतीच्या वाटेचा हिशेब एकाच रीतीनं मांडता येतो, हा या शास्त्राचा दावा. कॉम्प्युटर त्यात येतो, पण पुष्कळ पाहुण्यांपैकी एक म्हणून.

याची सुरुवात तोफेपासून झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर हे गणिती आणि ज्युलियन बिगेलो हे इंजिनिअर विमानावर नेम कसा धरायचा या प्रश्नावर काम करत होते. विमान दिसतं तिथं गोळा मारून उपयोग नसतो, गोळा पोचेपर्यंत ते पुढं गेलेलं असतं. म्हणजे आधीची चूक पाहून पुढचा नेम सुधारत राहायचं. पण अशी सुधारणा फार जोरात केली तर यंत्र इकडून तिकडं हेलकावत बसतं, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आर्तुरो रोझेनब्लूथ या शरीरशास्त्रज्ञाला विचारलं, माणसाला असा काही आजार होतो का, की पेन्सिल उचलायला हात नेला तर तो पेन्सिलीच्या पुढं जावा, मागं घेतला तर फार मागं यावा, आणि असाच झुलत राहावा? रोझेनब्लूथ म्हणाले, होतो, आणि बऱ्याचदा लहान मेंदूला इजा झालेली असते. तोफ आणि हात एकाच गणितात बसले. 1948 साली वीनर यांचं पुस्तक आलं आणि विषयाला नाव मिळालं.

त्या पेन्सिलीच्या जागी मला तूर दिसते. 2015 साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. साहजिकच 2016 च्या खरिपात जो तो तुरीवर तुटून पडला, पाऊसही साथीला होता. 2017 च्या सुरुवातीला माल आला तेव्हा बाजारात हमीभावही मिळेना. हमीभाव होता क्विंटलला 5050 रुपये. सरकारी खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, लोक तुरीच्या गंजीपाशीच झोपले. शेतकऱ्याला अक्कल नाही, सगळे एकाच पिकामागं धावतात, असं तेव्हा टीव्हीवर ऐकायला मिळालं. धावतात, कारण भावाचा निरोप पेरणीपर्यंत पोचतो तेव्हा तो शिळा झालेला असतो. त्या निरोपाप्रमाणं प्रत्येकानं शहाणपणानंच वागायचं ठरवलं तरी हेलकावा येणारच. वीनर यांचा रोगीही मूर्ख नव्हता.

आता डीपी, म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. यावर मी जरा जास्त बोलते, घरचे कंटाळलेत, तुम्ही ऐका.

आमच्या शिवारात एका डीपीवर वीसेक मोटरी आहेत. थ्री फेज लाइन पाळीनं येते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्री बाराला विहिरीवर जाऊन बटण दाबायचं म्हणजे साप, विंचू, रानडुक्कर, आणि अलीकडं वाघाचंही भ्या. म्हणून बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो बसवला. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. बसवणाऱ्याच्या बाजूनं पाहाल तर यात काही वावगं नाही.

पण लाइन येते तेव्हा सगळ्या मोटरी एका क्षणात उठतात. अशी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. व्होल्टेज बसतं. व्होल्टेज बसलं की मोटरी वेग घेत नाहीत, नुसत्या घुमतात, आणि वेग घेतला नाही की ओढही कमी होत नाही. किटकॅट, म्हणजे फ्यूज, उडतं. कुणीतरी त्यात जाड तार घालून लाइन चालू करतो. पुढच्या खेपेला तार टिकते आणि डीपी जळते. ती बदलून येईपर्यंत हरभरा माना टाकतो, म्हणून नवी डीपी आली की पाण्याची घाई आणखीच वाढते, आणि जो एखादा आजवर ऑटो लावत नव्हता तोही लावतो. परतीचा निरोप इथंही आहे, पण तो चूक सावरत नाही, वाढवतो. शास्त्रात याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात आणि सावरणाऱ्याला निगेटिव्ह. नावं उलटी वाटतात, त्याला माझा इलाज नाही.

तोडगा निघाला तो पानठेल्यावर. लाइन आल्यावर किती वेळानं मोटर सुरू व्हावी याचा टायमर ऑटोत असतो, पण बहुतेकांनी तो दुकानातून आला तसाच ठेवला होता. नाल्याकडच्या मोटरी आधी, मग मधल्या, शेवटी टेकाडावरच्या, असं थोडं थोडं अंतर ठेवायचं ठरलं. नाल्याकडच्यांनाच पहिला मान का, म्हणून मी एका काकाजींना विचारलं. ते म्हणाले, “त्यायच्या मोटरी साडेसात एचपीच्या हायेत. मागून उठल्या तं आमच्या चालत्या बसवते.” हे त्यांना मीटरनं सांगितलेलं नव्हतं. स्टार्टरच्या पेटीवर तीन फेजचे तीन बल्ब लावलेले असतात, त्यांचा उजेड कधी किती पडतो हे ते वर्षानुवर्षं पाहत आलेत. माझ्या प्रबंधात या तीन बल्बांनी अख्खं प्रकरण खाल्लं आहे. माझे गाइड म्हणतात, हे जरा कमी करा. मी करणार नाही.

ही व्यवस्था पुरती टिकलेली नाही, हेही सांगायला हवं. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत कुणीतरी गुपचूप टायमर मागं घेतो. पण चोरी लगेच कळते, कारण शेजाऱ्याचा बल्ब मिणमिणतो. परतीचा निरोप जवळचा असला की असा फायदा होतो.

याच शास्त्रातल्या, इंग्लंडच्या रॉस ॲश्बी यांनी 1956 च्या पुस्तकात एक नियम मांडला आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याला एखादी गोष्ट सांभाळायची आहे त्याच्याकडं, ती जितक्या तऱ्हांनी बिघडू शकते, निदान तितक्या तऱ्हांची उत्तरं हवीत. आता आमच्याकडचा पाऊस घ्या. एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोसळतो, दुसरा धुरा कोरडा. मोजमाप मात्र महसूल मंडळाला एका केंद्रावर, आणि अतिवृष्टी म्हणायची ती 24 तासांत 65 मिलीमीटरच्या वर. केंद्रावर 60 पडला आणि इकडं नाला फुटून वावर खरडून गेलं, तर ते नुकसान कुठल्या खान्यात टाकायचं? हळूहळू, रोज थोडा पडून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सडवणारा पाऊस तर या आकड्यात बसतच नव्हता. 2023 साली ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती धरायचं राज्यानं ठरवलं. म्हणजे निरोप वर गेला, पण किती हंगामांनी! सॅटेलाइट, ड्रोन, ॲप हे सगळं आणताना मोजणं वाढतं, आणि ते वाढावंच. उत्तरांच्या तऱ्हा तेवढ्याच राहिल्या तर मात्र नुसती आकड्यांची रास होते.

या शास्त्राशी भाषेचा संबंध काय, हे खरं तर कमी लोक विचारतात, पण माझं निम्मं काम तिथंच आहे. मोबाइलवर कपाशीचा सल्ला येतो. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करा, असा नियम आहे. मला हा नियम आवडतो, कारण तो वावराला विचारून ठरतो. 2017 साली बोंडअळीनं इथली बोंडं आतून पोखरली, तेव्हा बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारं बियाणं, आहे म्हणजे अळी नाही या भरवशावर पुष्कळांनी वावराला विचारलंच नव्हतं. पण मेसेज वाचून सापळा न लावलेल्या माणसानं काय करायचं? मेसेजला उत्तर देता येत नाही. पाठवणाऱ्याच्या लेखी तो पोचला, काम संपलं.

याच्या उलट आमच्या तालुक्यातला एक कृषी केंद्रवाला. मी त्याच्या दुकानात तासन्‌तास बसते, गिऱ्हाइकांना आता माझी सवय झाली आहे. एक मावशी औषध घ्यायला आली. त्यानं मात्रा सांगितली. समजलं का, असं तो कधीच विचारत नाही, कारण त्यावर ‘हो’च येतं. तो म्हणाला, “सांग बरं मावशी, घरी जाऊन काय करशीन?”

“दोन ढक्कनं टाकीन.”

“कोनत्या ढक्कनानं?”

मावशीनं पिशवीतून ढक्कन काढून दाखवलं. ते भलत्याच बाटलीचं होतं, चांगलं मोठं. मग पंप पंधरा लिटरचा का वीसचा, इथून पुन्हा सुरुवात. त्यानं मापाची कुपी दिली, रेष दाखवली आणि मावशीकडून परत वदवून घेतलं. 2017 च्याच पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कारणं पुष्कळ होती, सगळं ढक्कनावर टाकता येणार नाही. पण तेव्हापासून, तो म्हणतो, वदवून घेतल्याशिवाय बाटली देत नाही.

गॉर्डन पास्क नावाच्या ब्रिटिश सायबरनेटिशियननं 1970 च्या दशकात संभाषणाचा सिद्धांत मांडला. त्यात हीच गोष्ट आहे. समजलं की नाही याचा पुरावा म्हणजे शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्याला तेच आपल्या शब्दांत उलट समजावून सांगणं. आता एआयवर चालणारे, मराठीत बोलणारे शेतीसल्लागार येताहेत. ते वऱ्हाडी समजतील की नाही, यावर पैजा लागतात. समजतील, आज ना उद्या. माझा प्रश्न दुसरा आहे. सांगितलेलं चुकलं हे त्यांना कोण सांगणार? “काई समजत नाई याले” म्हणून माणसानं फोन ठेवला, तर यंत्राच्या खात्यात ते संभाषण पार पडलं म्हणून जमा व्हायचं. वीनर यांनी 1960 सालीच बजावलं होतं, की यंत्राला जो हेतू घालून देता तोच तुम्हाला खरोखर हवा आहे ना, याची आधी खात्री करा. (हे गृहस्थ 1955-56 मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, तिचे संस्थापक महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून राहून गेले. इकडं आले असते तर पानठेल्यावर त्यांना प्रश्न कमी पडले नसते.)

समाजाचं सांगायचं राहिलं. चिलीत साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारनं 1971 मध्ये स्टॅफर्ड बिअर या इंग्रज तज्ज्ञाला बोलावून कारखान्यांची खबर रोजच्या रोज वर पोचवणारी व्यवस्था उभी करायला घेतली. नाव सायबरसिन. तिचे फोटो पाहाल तर सात फिरत्या खुर्च्यांची एक झकपक खोली दिसते. मला त्या खोलीचं कौतुक नाही. 1972 च्या ऑक्टोबरात मालवाहतूकदारांचा संप झाला तेव्हा कामाला आली ती कारखान्याकारखान्यांतली टेलेक्स यंत्रं, म्हणजे टंकलेला निरोप तारेनं पाठवणारी. पुढच्या वर्षी 11 सप्टेंबरला लष्करानं सत्ता घेतली आणि प्रयोग संपला.

आपल्याकडं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गाव पाहा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतो, आणि ठरवायच्या आधी अभ्यासगटात विषय घोळला जातो. 2009 साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. एकही माणूस नाही म्हणाला तरी थांबायचं, यात वेळ फार जातो अशी तक्रार ऐकू येते. जातो. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याची बातमी तिथं निर्णयाच्या आत पोचते.

तर पुण्याला का नाही, त्याचं उत्तर असं, की निरोप पाठवणारं टोक तिकडं आहे आणि त्यावर अभ्यास करणारेही तिकडं पुष्कळ आहेत. मला या टोकाला बसायचं होतं. या खरिपात त्या कृषी केंद्रवाल्याच्या गल्ल्याशेजारी एक वही ठेवली आहे. औषध नेलेला माणूस पुन्हा आला की काय झालं ते तो सांगतो आणि दुकानदार त्याच्याच बोलीत लिहितो: अळी मेली, नाही मेली, पानं लाल पडली, पाऊस आला अन् धुऊन गेलं, डोकं दुखलं. वही भरत आली आहे. कृषी सहायकांना दाखवली, त्यांनी बसून निम्मी वाचली, दोन नोंदींचे फोटोही काढले. वर पाठवाल का, असं विचारलं तर म्हणाले, “पाठवतो हो ताई, पण आमच्या ॲपमध्ये हे भरायला रकानाच नाही.”