जरा सरकता का?

झोप येत नाहीये. गोष्ट एवढीशीच आहे, लिहून टाकली की जाईल बहुतेक.

काल मामाने ग्रुपवर टाकलं, 'मुंबई भरली. आता बाहेरच्यांना बंद करा.' मामाने! ज्याची ट्रंक चिपळूणहून गिरगावात आली तेव्हा त्या खोलीत आधीच... असो. सकाळी डोंबिवलीला लोकलमध्ये तिसरी सीट मिळाली, त्या खुशीत त्याला उत्तर लिहायला घेतलं. थेट रॉल्स काढला, तो अमेरिकन तत्त्वज्ञ. १९७१ सालच्या पुस्तकातला त्याचा तो अज्ञानाचा पडदा. नियम ठरवताना आपण गरीब निघणार की श्रीमंत, आधी आलेले की मागाहून आलेले, हे ठाऊकच नाही असं धरायचं. मग सांग मामा, बंद करायचं का? फार छान जमत होतं.

ठाण्याला एक बाई चढली. "ताई, जरा सरकता का?"

ऐकलं मी. कानात इअरफोन होते, गाणं लावलेलं नव्हतं. मान वर केली नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. दादरपर्यंत तिच्या डब्याची पिशवी माझ्या गुडघ्याला लागत होती. डबा गरम होता.

माझी कंबर धरलीय. आईची रात्रीची उठबस मीच करते, ते कुणी विचारत नाही. आणि इतकी वर्षं मी उभ्याने गेले, तेव्हा माझ्यासाठी कोण सरकलं?

सरकल्या होत्या. बऱ्याच जणी.

पडद्याआड बसून मी डोळे मिटून चौथीच्या बाजूने मत दिलं असतं. मत द्यायला काय जातं? सरकायला चार बोटं जागा सोडावी लागते. सीट तिघींचीच, चौथी कुठल्या नियमात नाही, नुसती रीत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते, बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य म्हणजे वरवरचा रंगाचा हात. माझा रंग तर ओलाच होता. ठाण्यालाच पोपडा उडाला.

संध्याकाळी दादरला मीच चौथी. विचारलंसुद्धा नाही. कडेची मुलगी फोनवर कुणाशी तरी कडाकडा भांडत होती, भांडता भांडताच सरकली. अर्धं बूड हवेत, एक पाय पॅसेजमध्ये, कंबरेची वाट. तरी बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला.

आत्ता मामाला ग्रुपवर पाठवलेला तो माझा मेसेज पुसून टाकावा म्हणून फोन घेतला. मामा गप्प आहे. आत्याने मात्र तो तिच्या भजनी मंडळाला पाठवलाय, खाली माझं नाव घालून.