थर्माकोलच्या साच्यातून निघालेली शिल्पं

सध्या रात्री जेवण झालं की मी चिलीच्या शिल्पकारांचे फोटो बघत बसतो आणि त्यातल्या फेदेरिको आस्लेरने मला पार वेड लावलंय. मी बालेवाडीकडे साइटवर असतो, दिवसभर सेंट्रिंग, सळई, व्हायब्रेटर हेच चालू, आणि या माणसाची शिल्पंही काँक्रीटचीच.

आधी थोडं मागचं सांगतो. चिलीची राजधानी सांतियागोत शिल्पकलेची शाळा निघाली १८५४ ला, शिकवायला फ्रेंच माणूस, त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं निकानोर प्लासा, विर्हिनियो आरियास अशा सगळ्यांची नजर पॅरिसकडेच. वळण दिलं ते मार्ता कोल्विनबाईंनी, असं माझं ठाम मत आहे. बाई चिलान गावच्या, १९३९ च्या भूकंपात ते गाव जमीनदोस्त झालं, मग त्या सांतियागोला आल्या, पुढे पॅरिस, लंडन, आणि तिथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने त्यांना सुचवलं की तुमच्या स्वतःच्या मातीकडे बघा. त्यांनी खरंच बघितलं! अँडीज, माचू पिचू सगळं डोळ्यात साठवलं आणि दगडात दगड बसवून अशी शिल्पं रचली की ती तिथल्या डोंगरातूनच आल्यासारखी वाटतात. १९६५ ला ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्यांना शिल्पकलेचं बक्षीस मिळालं.

आणि मग आस्लेर. हा थर्माकोलचे मोठे ठोकळे घेतो, पूर्वी आपल्याकडे गणपतीचं मखर कोरायचे तसा कोरतो, फक्त आकार उलटा, म्हणजे आज जिथे खड्डा तिथे उद्या फुगवटा येणार. आत सळई, मग काँक्रीट, आणि सेट झालं की थर्माकोल काढून टाकायचा. वर गिलावा नाही, पुट्टी नाही, साच्याची प्रत्येक खूण तशीच उघडी. आम्ही स्लॅबखाली असं काही दिसलं की लगेच झाकायला धावतो, त्यामुळे मला तर ते फोटो झूम करकरून बघावेसे वाटतात. २००९ ला त्याला चिलीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अगदी योग्य माणसाला मिळाला.

१९७२ ला राष्ट्राध्यक्ष आयेंदेंच्या काळात युनोच्या परिषदेसाठी सांतियागोत २७५ दिवसांत एक प्रचंड इमारत उभी केली, त्यात आर्टिस्ट लोक बांधकामातच सामील होते, आस्लेरचंही काम तिथे आहे, आणि फेलिक्स मारुएंदाने तर व्हेंटिलेशनच्या चिमण्यांचंच शिल्प करून टाकलं. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, इमारतही घेतली, आणि तिथल्या कितीतरी कलाकृती गायब झाल्या. हे वाचून फार वाईट वाटलं.

पण तिथल्या मापोचो नदीला १९८२ ला पूर आला आणि त्यानंतर प्रोविदेन्सिया भागात काठावरच शिल्पांची बाग केली. पानशेतचा पूर सोसलेल्या आपल्या मुठेच्या काठी असं काही का होऊ नये? पुण्यात सेंट्रिंगचे एक से एक कारागीर आहेत, आर्ट कॉलेजची पोरं आहेत, त्यांना एकत्र बसवा, काँक्रीटचं मी बघतो.