टीव्हीमागची डबी

आजची अख्खी सुट्टी स्ट्रीमिंग प्लेअर (नेटवरचे सिनेमे-मालिका टीव्हीवर दाखवणारी डबी) निवडण्यात गेली. रोकू, फायर टीव्ही, अ‍ॅपल टीव्ही, गूगल टीव्ही... '४के'चा गजर सगळीकडेच. पण खरी गोम आहे एचडीसीपी २.२ मध्ये, म्हणजे चित्राची नक्कल रोखणाऱ्या कुलपात. प्लेअर, मधला आवाजाचा रिसीव्हर आणि टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट, यातलं एक जरी जुनं असलं तरी ४के चित्र अडतं. आमच्या टीव्हीचं त्या कामाचं पोर्ट नेमकं भिंतीकडच्या बाजूला! मोबाइलचा टॉर्च मारून, मान वाकडी करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. (बायको व्हिडिओ काढत होती.)

अनोळखी अँड्रॉइड बॉक्सचा मोह मात्र टाळा. जाहिरातीत रॅम भरपूर, पण वाइडवाइन एल१ (गूगलच्या कॉपी-संरक्षणाची सगळ्यात वरची पातळी) नसेल तर नेटफ्लिक्स एचडीसुद्धा देत नाही, मग टीव्ही कितीही भारी असो.

स्टिक, म्हणजे थेट एचडीएमआय पोर्टात खोचायचा छोटा प्लेअर, छान लपते. पण बहुतेक स्टिकना लॅन (इथरनेट) पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर लावायची जागा, नसतं, आणि टीव्हीच्या यूएसबीवर चालवली तर कधीकधी वीज पुरत नाही, ऐन रंगात आल्यावर रीस्टार्ट. राउटर टीव्हीशेजारीच आहे, म्हणून इथरनेटवाला बॉक्स ठरवला.

आईचा प्रश्न एकच, "रिमोट वाढणार नाही ना रे?" नाही वाढणार. एचडीएमआय-सीईसी चालू केलं की प्लेअरच्या रिमोटनेच टीव्ही सुरू होतो. फक्त मेन्यूत ते त्या नावाने सापडेलच असं नाही. सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिम्पलिंक. एकच सोय, पण प्रत्येकाला स्वतःचं बारसं करायचंय!