तांडेलाची नोंद गोदाकाठी

आमचे खापरपणजोबा विजयदुर्गाचे तांडेल. मुंबई ते मलबार गलबत हाकायचे, जाताना मीठ, येताना नारळ नि लाकूड. घरी त्यांचं एक चिटोरंही उरलेलं नाही. खाऱ्या हवेत कागद टिकत नाही, टिकला तर वाळवी सोडत नाही. त्यांच्या हातची निशाणी सापडली ती समुद्रापासून दूर, नाशकात, तीर्थोपाध्यायांच्या वहीत. तीर्थावर विधी सांगणारे हे गुरुजी, आलेल्या यजमानांची नोंद वहीत ठेवतात.

मुंबईहून तपोवन एक्स्प्रेसने गेलो. नाशिकरोडला उतरून निमाणीची सिटी बस पकडली की पंचवटी आली. तिथून रामकुंड चालत.

कुंडावर पाय ठेवताच ‘गाव कोणतं?’ असं विचारणारे चार जण पुढे येतात. त्यांच्यावर चिडू नका, शोधाची सुरुवात तिथूनच होते. उपाध्यायांकडे यजमान गाव, जात आणि आडनावावरून वाटलेले असतात. मात्र हल्लीचा पत्ता सांगून उपयोग नाही. मूळ गाव, वाडी, जुना तालुका आणि बदललं असेल तर आधीचं आडनाव लिहून न्या. आम्ही ‘गाबीत, विजयदुर्ग’ म्हणताच एका पोरानं आम्हाला थेट योग्य वाड्यात नेऊन सोडलं.

गुरुजींनी लाल कापडात बांधलेली लांबोडकी वही सोडली. मजकूर मोडीत, एकाला एक चिकटलेला. त्यांचं बोट मात्र सरसर चाललं होतं. मग थांबलं. शके १८०१, माघ. आईच्या अस्थी घेऊन आले. सोबत धाकटा भाऊ. हा भाऊ आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हता! अक्षर कारकुनी, पण नावापुढे सहीऐवजी काढलेली निशाणी त्यांची स्वतःची. कुणबी नांगर काढत तसा यांनीही नांगर काढलाय, फक्त तो शेतातला नव्हे, गलबताचा. दोन आकडे, वर कडी, कडीतून लोंबणारा दोर. शाई एका आकड्यावर फुटलीय.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकलेलं. पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत साधारण ७९ मिळवावे लागतात, म्हणजे आमची नोंद १८८० ची. माघ हा तर ऐन हंगाम. पावसाळ्यात गलबतं शाकारलेली, म्हणजे झाकून ठेवलेली असताना तांडेल मोकळा, पण तेव्हा समुद्र बंद, मुंबई गाठणार कशी? माझा तर्क असा की माल मुंबई बंदरात उतरवताना त्यांनी हे काम उरकलं. मुंबई-नाशिक वाटेवरच्या थळ घाटातून आगगाडी १८६५ मध्येच सुरू झाली होती. धंदेवाईक माणूस, फेरी वाया घालवली नसणार.

गलबताचं नाव, मालक, फेऱ्या यातलं काही या वहीत मिळत नाही. कोण आलं, कशासाठी, सोबत कोण, एवढंच. त्यावर वंशावळ लावायची ती आपणच. मोडी वाचणारं कुणी ओळखीत असेल तर बरोबर न्या. फोटो काढण्याआधी विचारा, दक्षिणेचं आधीच बोलून घ्या. आमच्याकडून एका मदतनिसानं ‘वही उघडायचे’ वेगळे पैसे मागितले. गुरुजींना विचारल्यावर प्रकरण मिटलं.

तिथवर गेलात तर नारोशंकराच्या देवळावरची घंटा बघा. वसईच्या मोहिमेनंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा, म्हणजे किनाऱ्यावरून नाशकात आलेले आम्हीच एकटे नाही.

निघताना गुरुजी तुमचीही नोंद लिहून घेतील. आमच्या जुन्या पानांवर बायका जवळजवळ नाहीतच, म्हणून लेकी-सुनांची नावं माहेरासकट आग्रहाने लिहवून घेतली. अमावास्या आणि पितृपक्ष टाळा, गुरुजींना मान वर करायला फुरसत नसते. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, तेव्हा तर या कामाला जाऊच नका. साध्या वारी, सकाळचे विधी आटोपल्यावर, दुपारी गाठा.