तुम्ही विचारलंत म्हणून : 'कसं जमवलंत?'

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की समोरच्याने तोंड उघडण्याआधीच तो मला ऐकू येतो. "छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलीत, मग डीटीपी, मग युनिकोड, आता एआयसुद्धा वापरता. कसं जमवलंत? आम्हाला दोन गोष्टी सांगा ना."

विचारणारे बहुतेक तिशीच्या आतबाहेरचे. 30 नोव्हेंबर 2022ला चॅटजीपीटी आल्यापासून त्यांची झोप उडालीय आणि माझ्याकडून त्यांना झोपेची गोळी हवी असते. काही होत नाही, शिकत राहा, आम्ही नाही का टिकलो! ही गोळी मी पुष्कळ वाटली. एका कार्यशाळेत तर 'वारा येईल तशी पाठ द्यावी' असं ठणकावून सांगितलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. त्या भाषणातल्या माणसाशी माझं हल्ली पटत नाही.

एक तर मी काही ओळखून वगैरे बदललो नाही. 1985 साली मी पहिल्यांदा स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, हातात धरली. त्याच साली तिकडे अमेरिकेत पेजमेकर, म्हणजे काँप्युटरवर पानं लावायचं सॉफ्टवेअर, बाजारात आलं. म्हणजे मी जे काम शिकत होतो त्याचं मरण ठरलेलं होतं, फक्त बातमी आमच्यापर्यंत यायला सात वर्षं लागली. युनिकोडचं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं, तर विचारूच नका. त्याची पहिली आवृत्ती 1991ची. आणि आम्ही 1992पासून पुढची पंधरा वर्षं जुन्या फॉन्टमध्ये पानंच्या पानं टाइप करत बसलो. पडद्यावर 'क' दिसायचा, पण फाइलच्या पोटात भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट बदलला की मजकुराचं भुसकट. तसल्या सीड्यांचा एक खोका माझ्या कपाटात आहे. मी तो उघडत नाही. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

तरी तुम्ही म्हणणार, पण टिकलात ना? टिकलो. तेच सांगायचंय.

1992मध्ये मालकांनी काँप्युटर आणला. नाना आमचे फोरमन, वय बावन्न. मी चोवीस. काम मला त्यांनीच शिकवलेलं. इंग्रजीवाल्यांची चैन आम्हाला नव्हती. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार धरून केसचे, म्हणजे खिळे ठेवायच्या खोक्याचे, शेकडो खण. नाना त्यांच्याकडे न बघता खिळा उचलायचे, बोलता बोलता. स्टिकमधली ओळ उलटी वाचायचे, आपण सुलटी वाचतो तशी.

काँप्युटर शिकवायला एक मुलगा दहा दिवस येणार होता. आम्ही दोघं शेजारी बसायचो. नाना माउस टेबलावरून सरकवायचेच नाहीत. खिळा धरावा तसा चिमटीत उचलून हवेत धरायचे आणि पडद्यावरचा बाण का हलत नाही म्हणून बघत राहायचे. मुलगा हसायचा. मीही हसलो, एकदा नाही.

आठव्या दिवशी मी पहिलं पान काढलं. नानांनी कागद हातभर लांब धरला. "तिसरी ओळ ढिली आहे. आणि ऱ्हस्व उकार खालच्या वेलांटीला टेकतोय. अशा जागी आम्ही कागदाची पट्टी सारायचो, इथे काय सारायचं?" मुलाला उत्तर ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी म्हटलं, "नाना, एवढं कोण बघतंय."

दहाव्या दिवशी मालकांनी मला आत बोलावलं. "नानांना जमेल का?"

"नाही जमणार," मी म्हणालो. विचार करायला क्षणभरही घेतला नाही. बाहेर आलो तर नाना स्टूलवर बसलेले. "काय म्हणाले?" म्हटलं, "काही नाही, कामाचं विचारत होते."

नानांना काढलं नाही, तेवढी लाज मालकांना होती. बाइंडिंगकडे कागद मोजायला बसवलं. शिसं, अँटिमनी, कथील यांच्या मिश्रणाचे ते खिळे वजनावर गेले. न्यायला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी एक फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गट, जुळवलेला तसाच पडला होता. नाना त्याचं मॅटर सोडवत बसले. ओळ उचलायची, वाचायची, मग बोटांतून एकेक अक्षर टिक टिक करत आपापल्या खणात. मी म्हटलं, "नाना, उद्या सगळं वितळवायलाच जाणार आहे." ते म्हणाले, "अर्धवट सोडलेली केस बरी नाही दिसत." दिवे लागले तरी त्यांचं चाललंच होतं. वर्षभरात त्यांनी काम सोडलं.

आता माझी बाजू. यंत्र एक, खुर्ची एक. मी 'जमेल' म्हणालो असतो तरी मालकांनी तरुणालाच बसवलं असतं, पगारही कमी लागत होता. घर माझ्यावरच होतं. आणि मालकांनी नानांनाच का नाही विचारलं? हे सगळं खरं आहे. पण मालकांनी मला पगाराचं विचारलं नव्हतं, खुर्चीचंही नाही. नानांना जमेल का, एवढंच विचारलं होतं.

पुढे कधीतरी न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांबद्दल वाचलं. 1962-63मध्ये त्यांनी 114 दिवस संप केला होता. 1974मध्ये त्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांशी करार केला : यंत्रं खुशाल आणा, पण आज कामावर आहेत त्यांची नोकरी हयातभर राहील. 1978च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'चा शिशातला शेवटचा अंक निघाला, आणि जुळारी नवं काम शिकले. त्यांच्यातही माउस चिमटीत धरणारे निघाले असतेच. फक्त तिथे शेजारच्या पोराला आत बोलावून विचारायची सोय नव्हती. हे वाचून मला बरं वाटलं नाही, राग आला. कोणाचा ते नीट सांगता येत नाही.

कार्यशाळेतला तो वक्ता इथे मला अडवतो. म्हणतो, अशा हमीवर कुठला धंदा चालतो? त्या दैनिकांचे पैसे जाळले, नव्या पोरांना दारं बंद झाली. त्याचंही अगदी खोटं नाही. त्या करारानंतर नवे जुळारी तिथे जवळपास घेतलेच गेले नाहीत. माझ्यासारखा चोवीस वर्षांचा मुलगा तिथे बाहेरच राहिला असता.

एआय मी वापरतो, लपवत नाही. पहिलं प्रूफ त्याच्याकडूनच काढून घेतो. चुका धरतो तो, मधूनच एखादा धडधाकट जुना शब्द चूक समजून बदलूनही टाकतो. भीती वाटते का? माझी उरलीत किती वर्षं! तुमची वाटते.

बायको म्हणते, "नानांना खरंच जमलं नसतं, उगाच मनाला लावून घेता." असेल. दहा दिवसांत त्यांना नव्हतंच जमलं. मलाही नव्हतं. पहिलं पुस्तक एकट्याने धड लावायला मला आठ महिने लागले, आणि तेवढे महिने मालक थांबले.