बालेवाडीत मामांच्या शेजारी

परवा कपाट आवरताना २०१९ च्या महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धेच्या फायनलचं तिकीट सापडलं. आता ती स्पर्धा पुण्यात बालेवाडीला होत नाही, चेन्नईहून २०१८ ला आली, शेवटची २०२३ च्या जानेवारीत झाली आणि मग गेली ती गेलीच. तिकीट बघितलं आणि म्हटलं विसरायच्या आत लिहून टाकू.

आधी माझी लायकी सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसहाला डबल्स खेळतो, सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडचे, दोघांना गुडघ्याचे पट्टे, एकाला कोपराचा. माझी पहिली सर्व्हिस म्हणजे सगळा जोर लावून नेटमध्ये, आणि दुसरी सर्व्हिस इतकी मऊ की आमच्या ग्रुपमध्ये तिला ‘वरणभात’ म्हणतात, कुणालाही पचते. आणि ती वरणभातसुद्धा गेमपॉइंटला आत पडेल याची खात्री नाही.

तिकिटं दोन होती. बायको म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही, तुझ्या शेजारी तीन तास थंडीत बसून काय करू. मग मी आमच्या मार्कर मामांना विचारलं. मामा पन्नाशीच्या पुढचे, लहानपणी कोर्टवर बॉल उचलायला आले ते तिथेच राहिले, मग मार्कर झाले, आता सकाळी लोकांना खेळवतात आणि दुपारी रॅकेटींचं गटिंग करतात, म्हणजे जाळीच्या तारा ओढून बसवतात. एवढी वर्षं टेनिसमध्ये काढलेल्या माणसाने मोठी मॅच स्टेडियममध्ये बसून कधीच बघितली नव्हती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, वर स्वेटर, आणि डबा.

फायनल होती केव्हिन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोव्हिच. अँडरसन म्हणजे आदल्याच वर्षी विम्बल्डनची फायनल खेळलेला, त्याआधी सेमीफायनलमध्ये अमेरिकेच्या इस्नरबरोबर साडेसहा तास खेळून शेवटचा सेट २६-२४ जिंकलेला साउथ आफ्रिकेचा माणूस, उंची २०३ सेंटिमीटर. आणि कार्लोव्हिच २११. दोघे नेटपाशी टॉसला उभे राहिले तेव्हा नेट बॅडमिंटनचं पोरांनी खाली बांधावं तसं दिसत होतं. शिवाय कार्लोव्हिच चाळिशीला दोनेक महिने कमी. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान हो! एवढ्या वयाचा माणूस एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या, फायनलला आला तो १९७७ च्या केन रोजवॉलनंतर हाच. मी मनातल्या मनात लगेच त्याच्या बाजूने झालो.

सुरुवातीची दहा मिनिटं मी अगदी टीव्हीसारखीच मॅच बघत होतो, म्हणजे बॉल इकडे गेला की मान इकडे, तिकडे गेला की तिकडे. टीव्हीवर कॅमेरा मागून आणि उंचावरून असतो, त्यात बॉल नुसता पुढे-मागे जाताना दिसतो, किती उंचावरून गेला, टप्पा पडल्यावर किती उसळला हे काही कळत नाही. आम्ही कोर्टच्या बाजूला बसलो होतो आणि मला पहिला धक्का बसला तो रॅलीतला बॉल बघून, नेटच्या चांगला दोन-अडीच फूट वरून जात होता की हो. मी आयुष्यभर समजत होतो की चांगला शॉट म्हणजे नेट घासून गेला पाहिजे.

मामा म्हणाले, “सर, मान दुखंल तुमची. एकाकडंच बघा. एक गेम एकच माणूस.”

मग एक अख्खा गेम मी फक्त अँडरसनकडे बघितलं, बॉल कुठे चाललाय याकडे दुर्लक्ष करून. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे, डोळे सारखे बॉलच्या मागे पळतात. पण एकदा जमलं की वेगळीच मॅच दिसायला लागते. समोरचा मारणार त्या क्षणाला तो एक बारीकशी उडी घ्यायचा, पाय थोडे फाकवून खाली यायचा आणि मग निघायचा. प्रत्येक वेळी. सर्व्हिस इतकी जोरात आली की बॉलपर्यंत पोचायचीच शक्यता नाही तेव्हासुद्धा ती उडी होतीच. आणि पावलं किती बारीक! एवढा ताडमाड माणूस, पण शॉटच्या आधी पंगतीत गच्च भरलेली वरणाची बादली घेऊन फिरणाऱ्या माणसासारखी टुकटुक पावलं टाकत होता. आम्ही दोन ढांगा टाकतो आणि तिसऱ्या ढांगेत बॉल मारतो, वर म्हणतो रॅकेट बदलायला पाहिजे.

आता या मॅचबद्दल लोकांची तक्रार काय असेल ते मला माहितीय. पूर्ण मॅचमध्ये एकाचीही सर्व्हिस ब्रेक झाली नाही, म्हणजे ज्याची सर्व्हिस त्यानेच तो गेम जिंकला. तीन सेट, तिन्ही ६-६ वर अडकून टायब्रेकच्या जादा गेमवर सुटले. आमच्या मागे बसलेले एक गृहस्थ पहिल्या सेटपासून कुरकुरत होते की रॅलीच नाही, नुसती धाड धाड. त्यांचं चूक नाही, समोरच्याची रॅकेटही न लागणाऱ्या सर्व्हिस, म्हणजे एसेस, किती झाल्या ते मीही मोजायचं सोडून दिलं. पण ज्याला स्वतःला सर्व्हिस येत नाही ना, त्याच्यासाठी ही मॅच म्हणजे बँकेसमोर बसून कॅशियर नोटा मोजतोय ते बघण्यासारखी होती.

कार्लोव्हिचचा टॉस, म्हणजे सर्व्हिसला बॉल वर टाकणं, बघा म्हणाले मामा. बघितला. डावा हात सरळ, बॉल सोडतोय असं वाटतच नव्हतं, फळीवर डबा ठेवावा तसा तो वर ठेवत होता. मी बॉल फेकतो, हा ठेवतो. आणि मारायच्या आधी बॉल बॉयकडून तीन-चार बॉल घ्यायचे, बॉलवरची लव बघायची, एखादा परत द्यायचा. पहिल्या सात गेमनंतर नवे बॉल, मग दर नऊ गेमला. नवे बॉल उघडले की आवाज बदलतो हे मला तिथे कळलं. आम्ही बॉलचा एक डबा तीन आठवडे चालवतो, शेवटी शेवटी बॉलवर लव उरत नाही.

पण खरी गोष्ट सेकंड सर्व्हिसची. मला वाटायचं हे लोक पहिली चुकली की दुसरी जरा सांभाळून टाकतात. छे. हात तेवढ्याच जोरात फिरत होता, मला तर थोडा जास्तच वाटला, फक्त आवाज वेगळा. पहिलीचा आवाज धाड असा, दुसरीचा खस्स, रॅकेट बॉलला खालून वर पुसून काढत होती. बॉल उंच जायचा, आता बाहेर पडणार असं वाटायचं आणि मग दोरी ओढल्यासारखा खाली यायचा, टप्पा पडून थेट अँडरसनच्या खांद्यापर्यंत. २०३ सेंटिमीटरवाल्याच्या खांद्यापर्यंत! मी असतो तर डोक्यावरून मागच्या जाळीत.

“तुम्ही भिऊन हात रोखता,” मामा डब्यातली पोळीभाजी पुढे करत म्हणाले. “म्हणून बॉल खाली येत नाही. फिरला तर येणार ना.”

हेच वाक्य ते मला चार वर्षं सांगत होते. प्रत्येक वेळी मी मान डोलावली होती.

पहिला सेट अँडरसन, दुसरा कार्लोव्हिच, आणि तिसऱ्याचा टायब्रेक सुरू झाला तोवर अडीच तासांच्या आसपास झाले होते, थंडी मी म्हणत होती आणि कुरकुरणारे गृहस्थ उभे राहून ओरडत होते. शेवटी अँडरसनने तो ७-५ असा काढला. कार्लोव्हिच नेटपाशी आला तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं, पूर्ण मॅच सर्व्हिस न गमावता माणूस हरला. मामांना नाही वाटलं. ते म्हणाले, समोरच्याची सर्व्हिस परत मारता आली पाहिजे ना सर, कार्लोव्हिच बॅकहँडने बॉल नुसता कापतो. तेही खरंच.

पुढच्या महिन्यात मी हात न रोखता सेकंड सर्व्हिस करायचं ठरवलं, त्याचे परिणाम पार्टनरच्या पाठीवर दिसले, त्यावर इथे लिहीत नाही.

बालेवाडीहून निघालो तेव्हा हायवेला ही गर्दी. मामा माझ्या स्कूटरवर मागे. चांदणी चौकाच्या अलीकडे गाड्या अगदी मुंगीसारख्या चालल्या होत्या आणि मामा काहीच बोलत नव्हते, मला वाटलं झोपले की काय. आरशात बघितलं तर डोक्याला हेल्मेट, बगलेत डबा, आणि डावा हात सरळ वर, हळूहळू, फळीवर काहीतरी ठेवतायत. खाली घ्यायचे, परत वर. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, शेवटी बाजूला येऊन म्हणाला, “ओ काका, वळायचंय का सरळ जायचंय, एक काय ते सांगा!”