केपटाउन, पायी पायी

आज गाइडबरोबर केपटाउन पायी फिरलो. कंपनीज गार्डन, मग स्लेव्ह लॉज, म्हणजे पूर्वी गुलामांना ठेवायचे ती इमारत. डचांनी इथे आणलेल्या गुलामांत आपल्या बंगाल-मलबारची माणसंही होती, हे वाचून पाय जागीच थबकले. शाळेच्या इतिहासात यातलं काहीच नव्हतं. बो-कापची रंगीत घरं सुंदर आहेतच, पण फोटो काढून पुढे पळू नका. १७९४ची अव्वल मशीद, दक्षिण आफ्रिकेतली पहिली, याच वस्तीत आहे.

खरा वेळ गेला डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियममध्ये. ११ फेब्रुवारी १९६६ला वर्णभेदी सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढे साठेक हजार माणसांना उठवलं. घरं बुलडोझरखाली गेली. म्युझियमच्या जमिनीवर त्या वस्तीचा भलामोठा नकाशा आहे. उठवलेल्यांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नावं लिहिलीत. एकेक नाव वाचत गेलो. फार राग आला, अजूनही आहे.

केपटाउनला येणार असाल तर टेबल माउंटनची केबल कार नंतर करा, आधी इथे या. आणि गाइड घ्याच. इथल्या गल्ल्या नुसत्या बघून कळत नाहीत.